२३ नोव्हेंबर १९४९ : फर्मानाने आलेली राज्यघटना
कुंडलिकेकाठी जुन्या जालन्याच्या पेठेत अजून निजामाचा हाली रुपया चालत होता, तेव्हाची गोष्ट. या दिवशी हैदराबादचे निजाम मीर उस्मान अली खान यांनी फर्मान काढून भारताची राज्यघटना हैदराबाद संस्थानासाठी मान्य केली. घटना समितीत संस्थानाच्या वाट्याच्या १६ जागा शेवटपर्यंत रिकाम्याच राहिल्या. आधी निजामाने माणसे पाठवली नाहीत; निजामाविरुद्धच्या लढ्याचे नेते स्वामी रामानंद तीर्थ तर तुरुंगात. सप्टेंबर १९४८ मध्ये भारतीय सैन्याने संस्थान ताब्यात घेतल्यानंतर वर्षभराचा वेळ होता की! पण तेव्हा मेजर जनरल चौधरींची लष्करी राजवट. म्हणजे संस्थानातला मराठवाडा ज्या निजामाविरुद्ध लढला, त्यानेच मराठवाड्याच्या वतीने होकार दिला. तीन दिवसांनी दिल्लीत घटना स्वीकारली गेली. जालनेकरांना लोकसभेसाठी मत द्यायला मिळाले ते पहिल्या सार्वत्रिक निवडणुकीत, १९५२ साली.