मुखपट्टी आणि पहिलीचा वर्ग

२०२० ते २०२२ या काळात जगातील प्राथमिक शाळांपुढे एक साधा वाटणारा प्रश्न उभा राहिला होता. मुलाने कितव्या वर्षापासून तोंडावर मुखपट्टी, म्हणजेच मास्क, बांधावा? कोविडचा विषाणू सगळीकडे तोच होता. मुलांची नाके-तोंडेही सारखीच. उत्तरे मात्र देशोदेशी निराळी मिळाली. अमेरिकेच्या रोगनियंत्रण केंद्राने वयाच्या २ वर्षांपासून मुखपट्टी सुचवली. जागतिक आरोग्य संघटना व युनिसेफ यांनी ऑगस्ट २०२० मध्ये सांगितले की ५ वर्षे व त्याखालील मुलांवर सक्ती नको, ६ ते ११ वयोगटात परिस्थिती पाहून ठरवावे आणि १२ वर्षांपुढे मोठ्या माणसांचाच नियम लावावा. फ्रान्सने आधी ११ वर्षांची रेषा आखली आणि नोव्हेंबर २०२० मध्ये ती ६ वर आणली. इंग्लंडमध्ये प्राथमिक वर्गांतील मुलांना मुखपट्टी बांधावी लागलीच नाही. आपल्याकडे केंद्रीय आरोग्य मंत्रालयाच्या आरोग्यसेवा महासंचालनालयाने जून २०२१ मध्ये साधारणपणे जागतिक आरोग्य संघटनेसारखीच वयोमर्यादा सांगितली.

विज्ञान एकच, मग उत्तरे इतकी वेगळी कशी? हे समजून घ्यायचे तर सव्वाशे वर्षे मागे जावे लागते.

शल्यगृहातून रस्त्यावर

एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस जर्मनीतील ब्रेस्लाऊ येथे (हे शहर आज पोलंडमध्ये असून त्याचे नाव व्रोत्सवाफ आहे) कार्ल फ्ल्यूगे या शास्त्रज्ञाने दाखवून दिले की, माणूस नुसता हळू बोलला तरी त्याच्या तोंडातून जीवाणू असलेले सूक्ष्म तुषार उडतात. त्याच गावातील शल्यविशारद योहान मिकुलिच यांनी १८९७ मध्ये शस्त्रक्रिया करताना तोंडावर जाळीदार कापड बांधायला सुरुवात केली. हेतू लक्षात घ्या. डॉक्टरने स्वतःला वाचवावे म्हणून ते कापड नव्हते. डॉक्टरच्या तोंडातले तुषार रोग्याच्या जखमेत पडू नयेत म्हणून ते होते.

पुढचे पाऊल मांचुरियात पडले. १९१०-११ च्या हिवाळ्यात तेथे फुप्फुसाच्या प्लेगची साथ आली आणि सुमारे ६० हजार माणसे मृत्युमुखी पडली. पेनांग येथे जन्मलेले आणि केंब्रिजमध्ये शिकलेले डॉ. वू लिएन-तेह यांनी हा प्लेग पिसवांमुळे नव्हे, तर श्वासावाटे पसरत आहे हे ओळखले आणि जाळीदार कापड व कापूस यांच्या पट्ट्या सर्वांना बांधायला लावल्या. मेस्नी नावाच्या अनुभवी फ्रेंच डॉक्टरांना हे पटले नाही. ते पट्टी न बांधता रोग्यांमध्ये गेले आणि जानेवारी १९११ मध्ये त्याच प्लेगने वारले. आता पट्टीचा हेतू बदलला होता. ती बांधणाऱ्याचेही रक्षण करू लागली होती.

१९१८ ची साथ आणि उघड्या शाळा

१९१८ च्या इन्फ्लुएन्झाच्या साथीत अमेरिकेतील सॅन फ्रान्सिस्को शहराने ऑक्टोबरच्या अखेरीस मुखपट्टी सक्तीची केली. न बांधणाऱ्याला दंड किंवा तुरुंग अशी शिक्षा होती. जानेवारी १९१९ मध्ये सक्ती पुन्हा आली, तेव्हा लोकांनी तिच्या विरोधात चक्क एक संघटना स्थापन केली. उपयोग किती झाला? कॅलिफोर्नियाच्या आरोग्य मंडळाचे विल्फ्रेड केलॉग यांनी १९२० मध्ये याविषयीचे प्रयोग प्रसिद्ध केले. जीवाणूंचे तुषार कापडावर फवारायचे आणि पलीकडे ठेवलेल्या बशीत किती जीवाणू वाढतात ते मोजायचे, अशी त्यांची पद्धत होती. त्यांना असे आढळले की, तुषार अडवण्याइतके थर वाढवले की श्वास घेणे जड जाते आणि मग हवा कापडातून न जाता कडेच्या फटींतून जाते.

हा मुद्दा वर्गात सहज दाखवता येतो. चष्मा लावणाऱ्या एखाद्या विद्यार्थ्याला मुखपट्टी बांधून मोठ्याने वाचायला सांगावे. काचांवर वाफ धरली, तर श्वास नाकाजवळच्या फटीतून वर जात आहे हे सगळ्या वर्गाला दिसेल. मग नाकावरची पट्टी नीट दाबून बसवावी व पुन्हा वाचायला सांगावे. कापड किती चांगले आहे याइतकेच ते चेहऱ्यावर कसे बसते यालाही महत्त्व आहे. ६ वर्षांच्या मुलाच्या लहानशा चेहऱ्यावर मोठ्या माणसाच्या मापाची पट्टी कशी बसत असेल, याचा विचार विद्यार्थ्यांना करू द्यावा.

त्याच १९१८ मध्ये बहुतेक अमेरिकन शहरांनी शाळा बंद केल्या. न्यूयॉर्क व शिकागो यांनी त्या उघड्या ठेवल्या. न्यूयॉर्कमध्ये सुमारे १० लाख शाळकरी मुले होती आणि त्यांतली बरीचशी दाटीवाटीच्या चाळवजा इमारतींत राहत होती. आरोग्य आयुक्त रॉयल कोपलंड आणि बाल-आरोग्य विभागाच्या प्रमुख डॉ. जोसेफिन बेकर यांचे म्हणणे असे की, अशा घरांपेक्षा मूल शाळेत अधिक सुरक्षित आहे, कारण तेथे रोज त्याच्याकडे कोणीतरी पाहते. मुलांनी आवारात घोळका न करता थेट वर्गात जायचे आणि शिक्षकाने प्रत्येकाला तपासायचे. ज्याच्यात आजाराचे लक्षण दिसेल त्याला वेगळे बसवून डॉक्टरांना कळवायचे. न्यूयॉर्कचा मृत्युदर बॉस्टन किंवा फिलाडेल्फियापेक्षा कमी राहिला. याचे श्रेय एकट्या शाळांना देता येणार नाही. पण या सगळ्या व्यवस्थेचा कणा होता तो शिक्षकाची नजर.

वर्गातली हवा

फ्ल्यूगे यांच्या तुषारांचे पुढे काय होते, हा प्रश्न अमेरिकन अभियंता विल्यम वेल्स यांनी १९३४ मध्ये सोडवला. मोठे थेंब जमिनीवर पडतात. सुमारे १०० मायक्रॉनपेक्षा लहान थेंब मात्र खाली पडण्याआधीच सुकतात आणि त्यांचे उरलेले कण हवेत तरंगत राहतात. यानंतर वेल्स यांनी आपली प्रयोगशाळा शाळेतच थाटली. १९३७ पासून फिलाडेल्फिया परिसरातील काही शाळांच्या वर्गांत छतालगत अतिनील किरणांचे दिवे बसवण्यात आले. १९४१ मध्ये गोवराची साथ आली, तेव्हा दिव्यांच्या वर्गांत इतर वर्गांपेक्षा कितीतरी कमी मुले आजारी पडली.

परंतु न्यूयॉर्क राज्यातील ग्रामीण शाळांत हाच प्रयोग केला, तेव्हा तसे यश मिळाले नाही. तेथील मुले एकाच बसमधून दाटीने शाळेत येत आणि बसमध्ये दिवे नव्हते! मूल फक्त वर्गात श्वास घेत नाही, हा साधा धडा यातून मिळाला. मुखपट्टीचेही तसेच आहे. तासाला बांधलेली पट्टी डबा खाताना सुटते आणि घरी जाताना खिशात जाते.

वेल्स यांचे काम पुढे बरेचसे विस्मरणात गेले. ५ मायक्रॉनपेक्षा मोठे सगळे थेंब चटकन खाली पडतात, अशी समजूत अनेक दशके पाठ्यपुस्तकांत राहिली. त्यामुळे २०२० मध्ये सुरुवातीला भर राहिला तो हात धुण्यावर, बाके पुसण्यावर आणि ठराविक अंतर राखण्यावर. खिडकीकडे लक्ष जायला उशीर झाला. कोविड हवेतून पसरतो हे जागतिक आरोग्य संघटनेने स्पष्ट शब्दांत मान्य करेपर्यंत २०२१ साल उजाडले होते.

आकडे काय सांगतात?

मुखपट्टीविषयीची सर्वांत मोठी चाचणी २०२०-२१ मध्ये बांगलादेशातील ६०० गावांत झाली. काही गावांत मुखपट्ट्या वाटून त्यांचा प्रचार केला, काहींत केला नाही. प्रचारामुळे वापर सुमारे १३ टक्क्यांवरून ४२ टक्क्यांवर गेला. जेथे शल्यक्रियेसाठी वापरतात तशा पट्ट्या वाटल्या, तेथे लक्षणांसह झालेला संसर्ग सुमारे ११ टक्क्यांनी कमी आढळला. कापडी पट्ट्यांचा परिणाम स्पष्ट दिसला नाही. पण ही चाचणी प्रौढांवर होती. मुलांविषयीच्या संशोधनाचा एक आढावा २०२३ मध्ये प्रसिद्ध झाला. मुलांमधील कोविड मुखपट्टीने कमी होतो का, हे तपासणारी अशी एकही यादृच्छिक चाचणी त्यात सापडली नाही. म्हणजे कोणाला पट्टी द्यायची व कोणाला नाही हे चिठ्ठ्या टाकून ठरवलेली चाचणी मुलांसाठी झालीच नव्हती. जी माहिती हाती आहे ती निरीक्षणांची.

अशी तीन निरीक्षणे पाहू. अमेरिकेतील जॉर्जिया राज्याच्या १६९ प्राथमिक शाळांची २०२० च्या अखेरची नोंद आहे. ज्या शाळांत शिक्षक व कर्मचाऱ्यांना मुखपट्टी सक्तीची होती, तेथे कोविडचे प्रमाण ३७ टक्क्यांनी कमी होते. जेथे वायुवीजन सुधारले होते, तेथे ते ३९ टक्क्यांनी कमी होते. विद्यार्थ्यांवर सक्ती असलेल्या शाळांत २१ टक्के फरक दिसला, पण तो निव्वळ योगायोगाचाही असू शकेल इतका अनिश्चित होता.

दुसरे निरीक्षण बॉस्टन परिसरातले. २०२२ मध्ये तेथील बहुतेक शाळांनी सक्ती उठवली, दोन ठिकाणी ती चालू राहिली. सक्ती उठवलेल्या शाळांत पुढील १५ आठवड्यांत दर हजारी सुमारे ४५ रुग्ण अधिक आढळले. मात्र ही दोन ठिकाणे इतर बाबतींतही शेजाऱ्यांपेक्षा वेगळी होती, असा आक्षेप घेतला गेला.

तिसरे निरीक्षण स्पेनमधील कॅतालोनियाचे. तेथे बालवाडीच्या शेवटच्या वर्गातील ५ वर्षांची मुले पट्टीशिवाय बसत आणि पहिलीतील ६ वर्षांच्या मुलांना ती सक्तीची होती. शाळा तीच, इमारत बहुधा तीच, वयात एकाच वर्षाचा फरक. निसर्गानेच मांडलेला प्रयोग म्हणावा असा हा योग होता. २०२१ च्या उत्तरार्धातील ३ ते ११ वर्षांच्या सुमारे ६ लाख मुलांच्या नोंदी तपासल्या, तेव्हा पट्टी बांधणाऱ्या पहिलीत संसर्ग कमी आढळला नाही. वयाबरोबर तो वाढत जाताना दिसला.

तेव्हा पट्टीचा उपयोग शून्य आहे असे म्हणता येत नाही आणि लहान मुलांत तो मोठा आहे असेही सिद्ध झालेले नाही. वयाच्या रेषा या अनिश्चिततेतून आखल्या गेल्या. जागतिक आरोग्य संघटनेने ५ वर्षांची मर्यादा ठरवताना विषाणूपेक्षा मुलाच्या वाढीचा विचार केला होता. दुसऱ्याच्या मदतीवाचून पट्टी बांधणे, ती न हाताळणे आणि भिजली की बदलणे हे ५ वर्षांच्या मुलाला जमत नाही. रेषा म्हणजे मोजमाप नव्हे, तो तारतम्याचा निर्णय होता.

ओठ दिसले पाहिजेत

तारतम्यात दुसरे पारडेही पाहावे लागते. १९७६ मध्ये मॅकगर्क व मॅकडोनाल्ड यांनी एक गमतीदार प्रयोग प्रसिद्ध केला. पडद्यावर ओठांची हालचाल ‘गा’ची आणि आवाज ‘बा’चा असला, तर बहुतेक माणसांना ‘दा’ ऐकू येते. म्हणजे आपण डोळ्यांनीही ऐकतो. आपल्या वर्णमालेतील प, फ, ब, भ, म यांना ओष्ठ्य म्हणतात ते उगाच नव्हे. हे वर्ण उच्चारताना मिटणारे ओठ पहिलीच्या मुलाला दिसावे लागतात. शिवाय कापडामुळे आवाजातील उच्च कंपने दबतात आणि स, श, फ, थ यांमधला फरक पुसट होतो. ज्याला कमी ऐकू येते किंवा ज्याच्या घरची भाषा शाळेच्या भाषेहून वेगळी आहे, त्या मुलाचे नुकसान यात सर्वांत जास्त. चेहऱ्यावरचे भाव ओळखण्याविषयी २०२० मध्ये अमेरिकेत ७ ते १३ वर्षांच्या मुलांचा अभ्यास झाला. मुखपट्टीमुळे दुःख, राग, भीती हे भाव ओळखताना मुलांच्या चुका वाढल्या, तरी निव्वळ अंदाजाने आली असती त्यापेक्षा अधिक उत्तरे बरोबर आली. मुले पुष्कळ जुळवून घेतात, पण सगळेच नाही.

आपल्याकडचा हिशेब

महाराष्ट्रात मार्च २०२० मध्ये बंद झालेले पहिली ते चौथीचे वर्ग डिसेंबर २०२१ मध्ये उघडू लागले, जानेवारी २०२२ मध्ये पुन्हा बंद झाले आणि त्याच महिन्याच्या अखेरीस पुन्हा सुरू होऊ लागले. मुखपट्टीची सक्ती गेली ती २०२२ च्या गुढीपाडव्याच्या सुमारास. जून २०२० मध्ये पहिलीत नाव घातलेले मूल प्रथम वर्गात बसले तेव्हा बहुधा दुसरीत गेलेले होते. अशा मुलाच्या बाबतीत ‘मुखपट्टी हवी की नको’ हा प्रश्न दुय्यम ठरतो. पट्टी बांधून शाळा उघडत असेल, तर बंद शाळेपेक्षा ती पट्टी कितीतरी स्वस्त. पण पट्टी बांधली म्हणजे काम झाले असे समजून वर्गाच्या खिडक्या बंदच राहिल्या, तर तो सौदा तोट्याचा.

मुखपट्टी डोळ्यांना दिसते, म्हणून ती तपासणे सोपे असते. हवा दिसत नाही, म्हणून तिची तपासणी राहून जाते. श्वासावाटे पसरणाऱ्या रोगांच्या साथी पुढेही येतील. तेव्हा पहिलीच्या मुलाच्या नाकावरून पट्टी घसरली का हे पाहण्याआधी आपल्या वर्गाच्या किती खिडक्या खरोखर उघडतात, एका वर्गात किती मुले बसतात आणि आजारी मुलाला घरी राहण्याची मुभा आहे की हजेरीची धास्ती, हे मुख्याध्यापकांनी आणि शिक्षकांनी एकत्र बसून पाहावे. त्यासाठी साथीची वाट पाहण्याचे कारण नाही. गोवर, कांजिण्या आणि साधी सर्दीही त्याच हवेतून पसरते.