पायांची आठवण आणि नवी फटफटी



साठी उलटलेल्या माणसानें मोटार-सायकल विकत घेण्याची गोष्ट काढली म्हणजे घरांतील मंडळी प्रथम हंसतात, मग गप्प होतात, आणि अखेर डॉक्टरांचें नांव घेतात. आमच्या जोगेश्वरीच्या घरीं हाच क्रम झाला. मी शाळामास्तर. १९८४ सालीं मीं एक जुनी ‘बुलेट’ घेतली, तिच्यावरून तेरा वर्षें शाळेस गेलों, आणि १९९७ सालीं मुलाच्या शिक्षणासाठीं ती विकली. निवृत्तीनंतर पुन्हा फटफटीवर बसावें असें मनानें घेतलें, तेव्हां प्रश्न उभा राहिला तो हा, कीं इतक्या वर्षांनीं परतणाऱ्यानें यंत्र कोणतें निवडावें? याचें उत्तर मला दुकानांत मिळालें नाहीं. तें फटफटीच्या इतिहासांत मिळालें. तोच इतिहास आज थोडक्यांत सांगावयाचा आहे.

फटफटीचें कूळ जर्मन. १८८५ सालीं गॉटलीब डाइमलर व विल्हेल्म मायबाख यांनीं लांकडी सांगाड्यावर पेट्रोलचें इंजिन बसवून एक दुचाकी चालविली; ती तोल जाऊं नये म्हणून दोन्ही बाजूंस एकेक लहान चाक लावावें लागलें होतें. १८९४ सालीं म्यूनिकच्या हिल्डेब्रांड व वोल्फम्युलर यांनीं मोटार-सायकली विक्रीसाठीं बनविण्यास आरंभ केला. पुढें हा धंदा इंग्रजांनीं उचलला. रेडिच येथील रॉयल एन्फील्डची पहिली मोटार-सायकल १९०१ सालची. ‘बुलेट’ हें नांव १९३२ सालचें. स्वातंत्र्यानंतर आपल्या सैन्यास सरहद्दीवरील गस्तीसाठीं दणकट वाहन हवें होतें. बुलेट पसंत पडली, आणि १९५५ सालीं मद्रासेस एन्फील्ड इंडिया ही कंपनी निघाली. इंग्लंडांतील उत्पादन १९७० सालीं थांबलें. मद्रासची लेक मात्र आईच्या पश्चात् नांदत राहिली.

इतर देशांचीं यंत्रेंहि याच सुमारास आलीं. म्हैसुरास १९६१ पासून झेकोस्लोव्हाकियाची ‘जावा’ बनूं लागली. १९७३ पासून तिला ‘येझदी’ हें नांव मिळालें. एस्कॉर्ट्स कंपनीनें १९६२ सालीं पोलंडच्या नमुन्यावरून ‘राजदूत’ काढली. आमच्या उपनगरांतच, पवईच्या पलीकडे भांडुपास, इटलीच्या ‘लॅम्ब्रेटा’ स्कूटरी तयार होत. आणि पुण्याजवळ आकुर्डीस बजाजच्या.

येथें एक गोष्ट ध्यानांत घ्यावी. हीं यंत्रें आमच्या पिढीनें खऱ्या अर्थानें निवडलींच नाहींत. कारखान्यानें किती वाहनें बनवावींत हें सरकारी परवाना ठरवी, आणि बजाजच्या स्कूटरीसाठीं नांव नोंदवून लोक वर्षानुवर्षें वाट पाहत. लग्नापूर्वीं नोंदविलेली स्कूटर मूल शाळेंत जाऊं लागल्यावर दारीं आली, अशीं घरें मीं पाहिलीं आहेत. मींहि बुलेट घेतली ती तिच्या प्रेमामुळें नव्हे. बदली होऊन निघालेल्या एका गृहस्थांस ती विकावयाची होती आणि मला हप्त्यानें परवडत होती, एवढेंच. प्रेम मागाहून जडलें.

आतां मुख्य मुद्दा. जें यंत्र ज्या देशांतून आलें, त्या देशाचें वळण तें आपल्या पायांस लावून गेलें. इंग्रजी घडणीच्या बुलेटचा गिअर उजव्या पायापाशीं असे आणि मागच्या चाकाचा ब्रेक डाव्या पायापाशीं. जावाचा गिअर डाव्या पायास. शिवाय इंजिन सुरू करण्याची दांडी आणि गिअरची दांडी एकच. १९८४-८५ च्या सुमारास जपानी सहकार्यानें शंभर सी. सी.च्या हलक्या गाड्या येथें निघाल्या, त्यांत इंड-सुझुकी, हीरो होंडा व यामाहा या प्रमुख. त्यांचाहि गिअर डावीकडेच. अमेरिकेनें त्यापूर्वींच, १९७५ च्या सुमारास, गिअर डावीकडे व ब्रेक उजवीकडे असा दंडक घातला होता, आणि हळूहळू जगभर तीच रीत पडली. आमची बुलेट तेवढी जुन्या वळणावर राहिली. तिचा गिअर डावीकडे आला तो एकविसाव्या शतकाच्या पहिल्या दशकांत. मी तोंवर फटफटी सोडून बसलों होतों.

माझा परवानाहि केव्हांच संपला होता. मुदत संपून वर्ष लोटलें कीं परीक्षा नव्यानें द्यावी लागते, असा २०१९ च्या दुरुस्तीनंतरचा कायदा आहे. तेव्हां वैद्यकीय दाखला जोडून शिकाऊ परवाना काढला. ज्यानें छत्तीस वर्षें इतरांस शिकविलें, त्याच्या गाडीवर लाल ‘एल’ लागला! एका जुन्या विद्यार्थ्यानें सरावासाठीं आपली नवी बुलेट आणली व तो मागें बसला. नांव तेंच, डौल तोच. म्हणून मनानें तिला जुनीच समजलें.

एका रविवारीं पहाटे आरे वसाहतींतील रस्त्यावर झाडींतून एक म्हैस अकस्मात् पुढें आली. मीं डावा पाय सर्व बळानें दाबला. सत्तावीस वर्षांपूर्वीं तेथें ब्रेक होता. आतां तेथें गिअर होता. गाडी हिसका देऊन गरजली. हातानें पुढचा ब्रेक आवळला गेला म्हणून म्हैस वांचली आणि आम्हीहि वांचलों. थांबतां थांबतां गाडी एका अंगास कलली. तिचें १९५ किलोंचें ओझें मला पेलेना. विद्यार्थ्यानें पाय टेकून ती सांवरली. तो कांहीं बोलला नाहीं, आणि त्याच्या त्या न बोलण्याचीच मला अधिक लाज वाटली.

त्या दिवशीं माझ्या ध्यानांत आलें, कीं डोकें विसरतें पण पाय विसरत नाहींत. आणि संकटाच्या क्षणीं डोक्याला कोणी विचारीत नाहीं. परतणारा मनुष्य आपली जुनी गाडी शोधीत असतो, परंतु ती गाडीहि राहिलेली नसते आणि तो मनुष्यहि राहिलेला नसतो. म्हणून त्यानें आपण प्रथमच फटफटी घेत आहों असें समजून निवड करावी.

तशी निवड करतांना मीं तीन गोष्टी पाहिल्या. पहिली वजन : बसल्यावर दोन्ही पाय पुरते जमिनीस टेकावेत, आणि कललेली गाडी एकट्यास सांवरतां यावी. दुसरी ब्रेक : २०१९ च्या एप्रिलपासून १२५ सी. सी.च्या वरील सर्व नव्या गाड्यांस चाक जखडूं न देणारी एबीएस ही योजना सक्तीची झाली, आणि त्याखालील गाड्यांस निदान जोडब्रेक, म्हणजे एक दाबला असतां दोन्ही चाकांस लागणारा. आमच्या वेळीं यांतील कांहींच नव्हतें. जुन्या मोहानें जुनी गाडी घेणारा हें संरक्षण गमावतो. तिसरी गोष्ट काम. तें मला घरांतून कळलें. म्हशीची हकीकत मीं आठ दिवसांनीं सांगितली, तेव्हां मंडळी रागावली नाहीं. ती म्हणाली, “घ्यायची तर घ्या, पण मला स्टेशनापर्यंत नेऊन सुखरूप परत आणील अशी घ्या.”

मीं १२५ सी. सी.ची एक हलकी गाडी घेतली. एक महिना पहाटे मोकळ्या मैदानावर तिच्याशीं एकच पाठ गिरविला : थांबावयाचें तर उजवा पाय. मुलांकडून पाढे घोकून घेतांना जो कंटाळा त्यांच्या तोंडावर दिसे, तो आतां मला पुरता समजला. मग अंधेरीच्या परिवहन कार्यालयांत परीक्षा दिली आणि उत्तीर्ण झालों. आतां मंडळींस घेऊन स्टेशनापर्यंत जातों व परत येतों.

या गाडीस बुलेटचा आवाज नाहीं. महामार्गावरून एखादी जुनी बुलेट धडधडत गेली, तर मान अजूनहि आपोआप वळते. पण पाय वळत नाहींत. आणि माझ्या वयाच्या मनुष्यास तेवढें पुरेसें आहे.