जुन्या लॅपटॉपची मंदगती : कारणमीमांसा आणि उपचारक्रम

१. व्याख्या आणि विषयमर्यादा

लॅपटॉप मंद झाला या तक्रारीत तीन भिन्न अवस्था एकत्र आलेल्या असतात. आज्ञा दिल्यापासून पहिली हालचाल दिसेपर्यंतचा काळ म्हणजे प्रतिसादकाल. हाती घेतलेले काम पूर्ण होईपर्यंतचा काळ म्हणजे कार्यकाल. एका वेळी किती कामे सुरळीत चालू राहतात, ती धारणक्षमता. या तिन्हींपैकी एक बिघडली तरी वापरकर्ता मंदगती हाच शब्द वापरतो. कारणे मात्र निरनिराळी असल्यामुळे त्यांचा विचार पृथक् केला पाहिजे.

प्रतिसादकालाच्या मानवी मर्यादा ज्ञात आहेत. रॉबर्ट मिलर यांनी १९६८ मध्ये त्यांची चर्चा केली आणि याकोब निल्सन यांनी १९९३ मध्ये त्या तीन अंकांत मांडल्या. ०.१ सेकंदापर्यंतचा प्रतिसाद तात्काळ वाटतो. १ सेकंदापर्यंत विचारांची सलगता टिकते. १० सेकंदांनंतर लक्ष अन्यत्र जाते. पहिल्या दोन मर्यादांच्या आत वावरणारा संगणक वापरकर्त्याला वेगवान वाटतो, त्याचे वय काहीही असो.

प्रस्तुत विवेचनात ‘जुना लॅपटॉप’ म्हणजे साधारणतः २०१२ ते २०१७ या काळात घेतलेला, फिरती हार्ड डिस्क, ४ जीबी रॅम आणि विंडोज असलेला यंत्रसंच. इंटरनेटच्या जोडणीची मंदगती हा स्वतंत्र विषय असून तो येथे वगळला आहे.

२. मर्यादक घटकाचा नियम

संगणकाचे प्रत्येक काम अनेक घटकांत विभागलेले असते : प्रोसेसर गणना करतो, रॅम चालू माहिती धारण करते, डिस्क स्थायी माहिती पुरवते. एकूण कालाचा सर्वाधिक अंश ज्या घटकाच्या प्रतीक्षेत जातो, त्याला मर्यादक घटक म्हणावे. जीन अ‍ॅम्डाल यांनी १९६७ मध्ये मांडलेल्या नियमाचे तात्पर्य असे की एखादा घटक कितीही वेगवान केला, तरी एकूण लाभ त्या घटकाच्या मूळ कालांशापुरताच मर्यादित राहतो.

समजा, एखादे सॉफ्टवेअर उघडण्यास २० सेकंद लागतात. त्यांपैकी १७ सेकंद डिस्कच्या प्रतीक्षेत आणि ३ सेकंद गणनेत जातात. प्रोसेसर दुप्पट वेगाचा केला तर एकूण काल १८.५ सेकंद होईल. डिस्क दहापट वेगाची केली तर तो ४.७ सेकंद होईल. पहिल्या खर्चाचा परिणाम जाणवणारही नाही. दुसऱ्याने यंत्राचे स्वरूप पालटेल. यावरून प्रस्तुत विवेचनाचे मुख्य सूत्र निष्पन्न होते : मर्यादक घटक निश्चित केल्याविना केलेला उपाय योगायोगानेच सफल होतो.

३. मंदगतीचे प्रकार

कारणभेदाने मंदगतीचे तीन प्रकार होतात.

(अ) ऱ्हासजन्य. यंत्राचा भाग झिजल्यामुळे किंवा अवरुद्ध झाल्यामुळे येणारी. पंख्यात साचलेली धूळ, प्रोसेसर आणि धातूची उष्णतावाहक पट्टी यांमधील वाळलेली थर्मल पेस्ट आणि सदोष क्षेत्रे निर्माण झालेली हार्ड डिस्क ही तिची उदाहरणे होत.

(आ) संचयजन्य. वर्षानुवर्षांच्या वापरात साठलेल्या सॉफ्टवेअरमुळे येणारी. संगणकासोबत आपोआप सुरू होणारी सॉफ्टवेअर, एकाच वेळी कार्यरत असलेले दोन अँटिव्हायरस, ब्राउझरची अनावश्यक एक्स्टेन्शन्स आणि जवळजवळ पूर्ण भरलेली डिस्क यांचा यात समावेश होतो.

(इ) सापेक्ष. यंत्र पूर्ववत् असते, अपेक्षा वाढलेली असते. हार्डवेअरचा वेग वाढतो त्याहून अधिक गतीने सॉफ्टवेअर जड होते, हे निक्लाउस विर्थ यांनी १९९५ मध्येच नोंदवले होते. जानेवारी २०१८ मध्ये मेल्टडाउन आणि स्पेक्टर हे प्रोसेसरमधील दोष उघड झाले. त्यांवरील सुरक्षा-उपायांनी जुन्या प्रोसेसरांच्या वेगात आणखी काही घट केली.

ऱ्हासजन्य मंदगती दुरुस्तीने जाते, संचयजन्य शुद्धीने जाते, आणि सापेक्ष मंदगतीसाठी क्षमतावृद्धी किंवा अपेक्षांचा संकोच आवश्यक असतो. एकाच यंत्रात तिन्ही प्रकार एकत्र असू शकतात. त्यामुळे कारणापूर्वी स्थान शोधावे लागते. ही स्थाने चार आहेत : डिस्क, स्मृती, प्रोसेसर आणि उष्णता.

४. स्थानविचार

४.१ डिस्क. लॅपटॉपमधील हार्ड डिस्क सामान्यतः मिनिटाला ५४०० फेरे घेते. एका फेऱ्यास ११.१ मिलिसेकंद लागतात, म्हणून इष्ट स्थान वाचकशीर्षाखाली येण्यास सरासरी ५.६ मिलिसेकंद जातात. शीर्ष योग्य वर्तुळावर नेण्यास सुमारे १२ मिलिसेकंद धरल्यास प्रत्येक विखुरलेल्या वाचनास १७ ते १८ मिलिसेकंद, म्हणजेच सेकंदाला साठाहून कमी वाचने असे प्रमाण पडते. संगणक सुरू होताना अशी लहान, विखुरलेली वाचने हजारोंनी होतात. तीन हजार वाचनांना या हिशेबाने पन्नासहून अधिक सेकंद लागतील. एसएसडीमध्ये फिरणारा भाग नसतो. तिचे एक वाचन सुमारे ०.१ मिलिसेकंदात होते, म्हणून तीन हजार वाचने अर्ध्या सेकंदाच्या आत आटोपतात.

येथे एक भेद लक्षात घ्यावा. सलग वाचनात हार्ड डिस्क सेकंदाला सुमारे १०० मेगाबाइट आणि साटा जोडणीची एसएसडी सुमारे ५५० मेगाबाइट देते. हा फरक पाचपटीचा आहे. विखुरलेल्या वाचनातील फरक मात्र शंभरपटीहून अधिक आहे, आणि दैनंदिन वापरातील प्रतिसादकाल याच दुसऱ्या फरकावर अवलंबून असतो. खोक्यावर ठळकपणे छापलेला सलग वाचनाचा आकडा म्हणूनच निर्णायक मानू नये.

४.२ स्मृती. चालू कामांना लागणारी माहिती रॅममध्ये मावली नाही, तर ऑपरेटिंग सिस्टिम तिचा काही भाग डिस्कवर ठेवते आणि गरज पडताच परत आणते. ही देवाणघेवाण वाढली की यंत्राचा बहुतेक काळ तिच्यातच खर्च होतो. या अवस्थेचे विश्लेषण पीटर डेनिंग यांनी १९६८ मध्ये केले. तिचे वैशिष्ट्य असे की ती क्रमाने येत नाही : ठरावीक मर्यादेपर्यंत सर्व काही सुरळीत असते आणि ती ओलांडताच गती कोसळते. ब्राउझरच्या दहा टॅबपर्यंत चालणारा लॅपटॉप बाराव्या टॅबला गोठतो, त्याचे कारण हे. स्मृतीची न्यूनता अशा रीतीने डिस्कच्या व्यग्रतेचे रूप घेऊन प्रकट होते, आणि निदानातील सर्वाधिक चुका येथेच होतात.

४.३ प्रोसेसर. लेखन, पत्रव्यवहार, हिशेब या कामांत प्रोसेसर क्वचितच मर्यादक असतो. चित्रफितीचे संपादन, मोठ्या दस्तऐवजांचे रूपांतर, दृक्-श्राव्य बैठका यांत तो मर्यादक ठरू शकतो. बहुतेक लॅपटॉपमध्ये तो मदरबोर्डवर कायमचा जोडलेला असल्यामुळे त्याचे परिवर्तन व्यवहार्य नसते.

४.४ उष्णता. प्रोसेसरचे तापमान निर्धारित मर्यादेला, बहुधा १०० अंश सेल्सिअसच्या आसपास, पोहोचले की तो स्वसंरक्षणार्थ आपला वेग घटवतो. उष्णतेचे उत्सर्जन प्रोसेसर आणि भोवतालची हवा यांच्या तापमानातील अंतराच्या साधारण प्रमाणात होते. प्रोसेसर ९५ अंशांवर असताना खोली २५ अंशांवर असेल तर अंतर ७० अंश, आणि ४५ अंशांवर असेल तर ५० अंश. म्हणजे शीतनक्षमता सुमारे २९ टक्क्यांनी घटते. मे महिन्यात नागपूर-चंद्रपूरकडे हे तापमान असाधारण नाही. डिसेंबरात निर्दोष वाटणारा लॅपटॉप उन्हाळ्यात मंद होण्याचे कारण याच हिशेबात आहे, आणि धूळ साचली असल्यास ती घट अधिक तीव्र होते.

५. निदानपद्धती

विंडोजमधील टास्क मॅनेजर हे निदानाचे पर्याप्त साधन आहे. यंत्र सुरू करून दहा मिनिटे थांबावे, नेहमीची कामे उघडावीत आणि मंदगती जाणवत असतानाच आकडे वाचावेत. त्यांचा अन्वयार्थ पुढीलप्रमाणे लावावा.

(१) डिस्क १०० टक्के आणि स्मृती ९० टक्क्यांच्या वर : मूळ न्यूनता स्मृतीची.
(२) डिस्क १०० टक्के, स्मृती ६० टक्क्यांच्या आसपास : डिस्क स्वतः मर्यादक, किंवा एखादे सॉफ्टवेअर तिला व्यग्र ठेवत आहे. यादी डिस्कवापराच्या क्रमाने लावल्यास ते ओळखता येते.
(३) प्रोसेसर दीर्घकाळ १०० टक्के : उत्तरदायी सॉफ्टवेअर शोधावे. ते अनोळखी असल्यास व्हायरसची तपासणी करावी.
(४) आरंभी गती चांगली, दहा-पंधरा मिनिटांच्या भारानंतर घट, पंख्याचा मोठा आवाज आणि प्रोसेसरचा दर्शविलेला वेग त्याच्या मूळ वेगाहून कमी : उष्णता.
(५) प्रोसेसरचा वेग आरंभापासूनच अत्यल्प : वीजपुरवठा तपासावा. योग्य क्षमतेचा चार्जर न ओळखल्यास काही लॅपटॉप जाणीवपूर्वक वेग रोखतात.

याशिवाय डिस्कचे आरोग्य स्मार्ट या अंतर्भूत नोंदीतून पाहावे. क्रिस्टलडिस्कइन्फोसारखे विनामूल्य सॉफ्टवेअर ती नोंद दाखवते. पर्यायी जागी हलवलेली किंवा वाचनास प्रलंबित असलेली क्षेत्रे वाढत असल्यास वेगाचा प्रश्न गौण होतो. त्या क्षणी पहिले कर्तव्य माहितीची प्रत काढणे हेच असते.

६. उपचारक्रम

उपचारांचा क्रम दोन तत्त्वांवर ठरवावा : विनाखर्च उपाय खर्चिक उपायाच्या आधी, आणि परत फिरवता येणारा उपाय न फिरवता येणाऱ्याच्या आधी. सर्व टप्प्यांपूर्वी महत्त्वाच्या माहितीची बाह्य डिस्कवर प्रत असावी.

पहिला टप्पा : शुद्धी. विंडोज ८ पासून ‘फास्ट स्टार्टअप’ चालू असताना ‘शट डाउन’ने यंत्र पूर्णतः नव्याने सुरू होत नाही. ऑपरेटिंग सिस्टिमच्या गाभ्याची अवस्था डिस्कवर जपली जाते. म्हणून प्रथम ‘रीस्टार्ट’ करावे. त्यानंतर टास्क मॅनेजरच्या ‘स्टार्टअप’ विभागातील अनावश्यक सॉफ्टवेअर बंद करावीत, एकच अँटिव्हायरस ठेवावा, डिस्कचा किमान पंधरा-वीस टक्के भाग मोकळा करावा आणि अर्धवट राहिलेली अपडेट पूर्ण होऊ द्यावीत.

दुसरा टप्पा : शीतन. पंखा आणि धातूच्या पात्यांमधील धुळीचा थर काढणे व थर्मल पेस्ट नवी लावणे. यासाठी यंत्र उघडावे लागते, म्हणून अनुभव नसल्यास जाणकाराकडून करून घ्यावे. गादीवर किंवा उशीवर लॅपटॉप ठेवल्याने वायुमार्ग बंद होतात. ही सवय सोडण्यास खर्च नाही.

तिसरा टप्पा : एसएसडी. फिरती डिस्क असलेल्या यंत्रात एकच खर्च शक्य असेल, तर तो येथे करावा. अडीच इंची साटा एसएसडी हार्ड डिस्कच्याच जागी बसते. एम.२ खाच असल्यास ती साटासाठी आहे की एनव्हीएमईसाठी हे आधी पाहावे, कारण आकार समान असूनही दोन्ही परस्परांच्या जागी चालतीलच असे नाही. जुन्या डिस्कची हुबेहूब प्रत नव्या एसएसडीवर घेता येते, परंतु तिच्याबरोबर संचयजन्य दोषही स्थलांतरित होतात. नवी स्थापना श्रमाची असली तरी अधिक निर्दोष असते. डिस्क बिटलॉकरने कुलूपबंद असल्यास तिची रिकव्हरी की आधी लिहून ठेवावी.

चौथा टप्पा : रॅम. ४ जीबीवरून ८ जीबीपर्यंतची वृद्धी सामान्य वापरास बहुधा पर्याप्त ठरते. खरेदीपूर्वी तीन बाबी निश्चित कराव्यात : मॉड्यूलचा प्रकार, कारण डीडीआर३ आणि डीडीआर४ यांच्या खाचा भिन्न आहेत आणि १.३५ व्होल्टचे डीडीआर३एल मागणाऱ्या यंत्रात १.५ व्होल्टचे मॉड्यूल चालेलच असे नाही. मदरबोर्डची कमाल मर्यादा. आणि ऑपरेटिंग सिस्टिम ६४ बिटची आहे की ३२ बिटची. घरगुती वापराचे ३२ बिटचे विंडोज ४ जीबीपलीकडची रॅम वापरू शकत नाही.

निदानात पहिली स्थिती आढळली असेल तर तिसऱ्या आणि चौथ्या टप्प्यांचा क्रम उलटावा.

पाचवा टप्पा : ऑपरेटिंग सिस्टिमचे परिवर्तन. विंडोज १० चे नियमित पाठबळ १४ ऑक्टोबर २०२५ रोजी संपले. विंडोज ११ साठी टीपीएम २.० ही सुरक्षा-व्यवस्था आणि ठरावीक नवे प्रोसेसर लागतात. इंटेलच्या बाबतीत ही सीमा बहुतांशी आठव्या पिढीपासून सुरू होते. त्यापूर्वीच्या यंत्रांना लिनक्स मिंटची एक्सएफसीई आवृत्ती किंवा लुबंटू हे हलके पर्याय आहेत. सी-डॅकने विकसित केलेली बॉस लिनक्स भारतीय भाषांचा विचार करून रचलेली आहे. युनिकोड मराठी या सर्वांत लिहिता येते. ज्यांचे मुद्रणकाम श्रीलिपीसारख्या विंडोजवरील सॉफ्टवेअरवर अवलंबून आहे, त्यांनी मात्र हा निर्णय त्या कामाची पर्यायी व्यवस्था झाल्यावरच घ्यावा.

७. वर्ज्य उपाय

तीन उपाय वर्ज्य समजावेत. रजिस्ट्री स्वच्छ करणारी सॉफ्टवेअर जाणवण्याजोगा वेग देत नाहीत, बिघाडाची शक्यता मात्र आणतात. रॅम मोकळी करणारी सॉफ्टवेअर उपयुक्त माहिती बाहेर काढतात आणि ती पुन्हा डिस्कवरून आणावी लागते. डीफ्रॅगमेंटेशन फिरत्या डिस्कवर लाभदायक असले तरी एसएसडीवर निष्फळ आहे आणि तिच्या लेखनमर्यादेचा व्यर्थ व्यय करते. एसएसडीसाठी आवश्यक असलेली ट्रिम ही देखभालप्रक्रिया विंडोज स्वतः पार पाडते.

८. मर्यादा आणि निर्णय

काही यंत्रांत सुधारणेस वाव नसतो. रॅम आणि ३२ जीबीची ईएमएमसी साठवण दोन्ही मदरबोर्डवर कायम जोडलेली असतील, तर शुद्धी आणि हलकी ऑपरेटिंग सिस्टिम एवढेच मार्ग उरतात. बॅटरी फुगली असल्यास वेगाचा विचार स्थगित करून यंत्राचा वापर त्वरित थांबवावा. मदरबोर्डचा बिघाड असेल किंवा एकूण खर्च तत्सम वापरलेल्या यंत्राच्या किमतीच्या निम्म्याहून अधिक होत असेल, तर यंत्रच बदलणे योग्य.

या अपवादांबाहेरच्या यंत्राला टाकाऊ ठरवणे हा अविचार आहे. लॅपटॉपच्या आयुष्यातील कर्बउत्सर्जनाचा मोठा वाटा त्याच्या निर्मितीतच खर्ची पडतो. वापराचे प्रत्येक अधिक वर्ष त्या खर्चाचे मूल्य वाढवते. ज्याचे आयुष्य खरोखर संपले, ते यंत्र ई-कचरा (व्यवस्थापन) नियम, २०२२ अनुसार नोंदणीकृत पुनर्चक्रीकरणकर्त्याकडे द्यावे, आणि देण्यापूर्वी डिस्कवरील माहिती पूर्णतः पुसावी.

वाचकाने दुकानाची पायरी चढण्यापूर्वी डिस्क, स्मृती, प्रोसेसर यांचे आकडे कागदावर उतरवून घ्यावेत. कोणता भाग बदलायचा याचा निर्णय विक्रेत्याच्या सल्ल्याने नव्हे, त्या आकड्यांवरून करावा.