मोटर कशाला? पायडल कशाला?

विजेवर चालणाऱ्या सायकलीविषयी बरेच लिहिले जाते. बॅटरी किती टिकते, किंमत परवडते का, पर्यावरणाला तिचा कितपत उपयोग होतो, हे सारे त्यात येते. आम्हांला मात्र या सायकलीकडे थांबून पाहणाऱ्या अनोळखी माणसाचे कुतूहल अधिक वाटते. हा माणूस चालवणाऱ्याच्या ओळखीचा नसतो, त्याला कोणी मत विचारलेले नसते, तरीही तो बोलतो. तो जे बोलतो ते देशपरत्वे बदलते. युरोप-अमेरिकेत चढावर मागे पडलेला साधा सायकलस्वार विजेच्या सायकलवाल्याला हमखास ऐकवतो की ही लबाडी झाली. आपल्याकडे ‘लबाडी’ हा शब्द कोणाच्या तोंडी येत नाही. आपल्याकडे सिग्नलला शेजारी उभा राहिलेला माणूस ‘केवढ्याला पडली?’, ‘किती पळते?’ असे विचारतो आणि मग खऱ्या नवलाने म्हणतो, ‘मोटर आहे तर पायडल कशाला?’ तिकडचा प्रश्न नेमका उलटा आहे. पायडल आहे तर मोटर कशाला? वस्तू एकच असताना दोन ठिकाणचे नवल असे परस्परविरुद्ध का, याचे उत्तर त्या वस्तूत सापडत नाही. ते पाहणाऱ्यांच्या इतिहासात शोधावे लागते.

आरंभीच एक नोंद करावीशी वाटते. ही सायकल वाटते तितकी नवी नाही. अमेरिकेतील ओहायो राज्यातल्या ऑग्डेन बोल्टन या गृहस्थाला बॅटरीवर चालणाऱ्या सायकलीचे पेटंट ३१ डिसेंबर १८९५ रोजी मिळाले. मोटर मागच्या चाकाच्या तुंब्यात आणि बॅटरी सांगाड्याच्या मधोमध, ही त्याची रचना आजच्याही अनेक स्वस्त सायकलींत दिसते. म्हणजे साधी सायकल लोकप्रियतेच्या शिखरावर होती त्याच वर्षी तिचे हे भावंड कागदावर जन्मले होते. त्याला रस्त्यावर यायला मात्र जवळजवळ शतक लागले.

पाहणाऱ्यांचा इतिहास त्याहून जुना आहे. कार्ल फॉन ड्राईस याने १२ जून १८१७ रोजी मानहाइम गावातून आपले दोन चाकांचे लाकडी यंत्र बाहेर काढले. त्याला पायडल नव्हते. बसून पायांनी जमीन मागे ढकलत जायचे. त्याच वर्षाच्या डिसेंबरात मानहाइमात पदपथावर हे यंत्र चालवण्यास मनाई झाली. १८१९ मध्ये लंडनमध्ये डेनिस जॉन्सन नावाच्या गाडी बनवणाऱ्याने त्याची सुधारित आवृत्ती विकायला काढली आणि छानछोकी करणाऱ्या श्रीमंत तरुणांनी ती उचलली. लोकांनी तिला ‘डँडी-हॉर्स’ म्हणजे छैलछबिल्याचा घोडा असे नाव दिले आणि छापील व्यंगचित्रांची रेलचेल झाली. त्या चित्रांतला विनोद आज पाहिला तर लक्षात येते की हसू यंत्राला नव्हते. घोडा बाळगण्याची ऐपत असलेला माणूस स्वतःच घोड्याचे काम करतो आहे, याला ते हसू होते. आपल्या पायरीवरून खाली उतरून घाम गाळणारा श्रीमंत हा त्या विनोदाचा विषय होता. एका उन्हाळ्यात ती हौस ओसरलीही.

पुढे उंच चाकाची सायकल आली. ती शिकताना झालेल्या फजितीवर मार्क ट्वेनने एक लेख लिहिला. तो त्याच्या मृत्यूनंतर १९१७ मध्ये प्रसिद्ध झाला. कुंपणाच्या खांबावर बसून त्याची प्रत्येक आपटी पाहणारा आणि दर वेळी नवा सल्ला देणारा एक मुलगा त्यात आहे. अंगाला उशा बांधा, आधी तीनचाकी शिका, अशी त्याच्या सल्ल्यांची चढती भाजणी आहे. वाङ्मयात आलेल्या रस्त्यावरच्या अनोळखी माणसाचा हा आमच्या मते सर्वांत निरागस नमुना होय. त्या मुलाला कशाचेही रक्षण करायचे नाही. त्याला फक्त पडणारा मोठा माणूस पाहायचा आहे.

बाई सायकलवर बसली तेव्हा मात्र हा निरागसपणा संपला. १८९० च्या दशकात दोन सारख्या चाकांची, हवेच्या टायरांची सायकल सर्वत्र झाली आणि तिच्यावर स्त्रिया दिसू लागल्या. सायकलीने स्त्रियांचा चेहरा कायमचा ताणलेला होतो, असे काही डॉक्टर गंभीरपणे लिहू लागले. या कल्पित विकाराला ‘सायकल-चेहरा’ असे नावही पडले. मे १८९७ मध्ये केंब्रिज विद्यापीठात स्त्रियांना पदव्या द्याव्यात की नाहीत यावर मतदान होते. विरोधी विद्यार्थ्यांनी सिनेट हाउससमोरच्या चौकात सायकलवर बसलेल्या स्त्रीचा पुतळा दोरीने टांगला. पदवीचा प्रश्न असताना पुतळ्याच्या हाती पुस्तक न देता त्याला सायकलवर बसवावेसे वाटले, ही गोष्ट विद्यापीठात शिकवणाऱ्या आम्हांला विशेष बोलकी वाटते. प्रस्ताव मोठ्या मताधिक्याने फेटाळला गेला आणि जमावाने तो पुतळा फाडून टाकला. केंब्रिजने स्त्रियांना पूर्ण पदवी दिली ती १९४८ मध्ये.

त्यानंतरच्याच वर्षी, १८९८ मध्ये, सरे परगण्यातील ऑकम येथील एका हॉटेलात लेडी हार्बर्टन या पंचावन्न वर्षांच्या बाई सायकलवरून आल्या. त्यांनी झग्याऐवजी ढगळ विजार घातली होती. मालकिणीने त्यांना कॉफीच्या दालनात बसू दिले नाही. मद्यपानाच्या बाजूच्या खोलीत बसा म्हणाली. सायकलस्वारांच्या संघटनेने हॉटेलवर खटला चालवला आणि १८९९ मध्ये तो हरला. लेडी हार्बर्टन यांना अन्न नाकारले गेले नव्हते, सभ्य माणसांच्या खोलीत जागा तेवढी नाकारली होती.

या साऱ्या घटनांचे सार चेखॉव्हने १८९८ च्या एका कथेत सांगून ठेवले आहे. ‘पेटीतला माणूस’ या कथेतला बेलिकोव्ह हा ग्रीक भाषेचा शिक्षक असून कोरड्या हवेतही रबरी बूट आणि छत्री घेऊन फिरणारा आहे. त्याचे लग्न जिच्याशी जुळू पाहते आहे ती वारेंका आणि तिचा भाऊ कोवालेन्को, तोही त्याच शाळेत शिक्षक, एके दिवशी सायकलींवरून त्याच्या बाजूने आनंदात निघून जातात. बेलिकोव्ह पांढराफटक पडतो. दुसऱ्या दिवशी तो कोवालेन्कोच्या घरी जाऊन सांगतो की शिक्षकच सायकलवर बसू लागला तर विद्यार्थी डोक्यावर चालू लागतील. शिवाय परिपत्रकाने परवानगी दिलेली नाही, त्या अर्थी मनाईच आहे. स्त्री सायकलवर बसते हे तर त्याला भयंकरच वाटते. कोवालेन्को त्याला जिन्यावरून ढकलून देतो, खाली वारेंका नेमकी येते आणि हसते. महिन्याभरात बेलिकोव्ह मरतो. ही कथा आम्ही वर्गात शिकवतो तेव्हा विद्यार्थी बेलिकोव्हला हसतात. त्यांनी हसावेच, पण बेलिकोव्हला सायकल आवडत नव्हती असे कथेत कुठेही नाही, हेही आम्ही त्यांना दाखवतो. ज्याच्यासाठी नियम लिहिलेला नाही असे काहीतरी त्याच्या डोळ्यांसमोरून गेले आणि जाणारी माणसे आनंदात होती, एवढेच घडले. चेखॉव्हने त्या सायकलीचे वर्णन केलेलेच नाही. कथा सबंध पाहणाऱ्याची आहे.

आता ‘लबाडी’कडे वळू. हा आरोप विजेच्या सायकलीने जन्माला घातलेला नाही. फ्रान्सच्या प्रसिद्ध सायकल शर्यतीचा संस्थापक आंरी देग्रांज याने १९०२ मध्ये, म्हणजे शर्यत सुरू होण्याच्या एक वर्ष आधी, गिअरच्या सायकलीविरुद्ध लिहिले होते. गिअर पंचेचाळिशी उलटलेल्यांसाठी ठीक, यंत्राच्या युक्तीपेक्षा स्नायूंच्या बळावर जिंकणे श्रेष्ठ, असा त्याचा सूर होता. (पंचेचाळिशीच्या उंबरठ्यावर असलेल्या आम्हांला ही सवलत दिल्याबद्दल आम्ही त्याचे ऋणी आहोत.) त्या शर्यतीत आजच्या पद्धतीच्या गिअरला मुभा मिळाली ती १९३७ मध्ये. आज गिअर लावणाऱ्याला कोणी लबाड म्हणत नाही. युरोपात सायकल आधी हौसेची आणि मग खेळाची वस्तू झाली. गरज नसताना स्वेच्छेने गाळलेला घाम तिथे प्रतिष्ठेचा ठरला आणि न गाळलेला घाम म्हणजे चोरी. २०१६ मध्ये बेल्जियमच्या झोल्डर येथील जागतिक स्पर्धेत एका खेळाडूच्या सायकलीत लपवलेली मोटर सापडली आणि तिच्यावर सहा वर्षांची बंदी आली. तिथे ‘लबाडी’ हा शब्द अचूकच होता. पण बाजाराला निघालेल्या आजीबाईंना शर्यतीचा नियम लावायचा कशासाठी? जपानमध्ये यामाहाने १९९३ मध्ये पायडलला साहाय्य करणारी पहिली विजेची सायकल मोठ्या प्रमाणात विक्रीस आणली ती शर्यतीसाठी नव्हतीच. पुढे तिथे दोन मुलांना पुढे-मागे बसवून नेणाऱ्या आयांनी ही सायकल आपलीशी केली. घामाचाच हिशेब मांडायचा तर सात युरोपीय शहरांतील पाहणीवर आधारलेल्या २०१९ च्या एका अभ्यासात विजेच्या आणि साध्या सायकलस्वारांचा एकूण व्यायाम जवळपास सारखाच आढळला, कारण विजेच्या सायकलीवर माणसे अधिक लांब जातात. नेदरलँड्समध्ये २०२२ साली विकल्या गेलेल्या नव्या सायकलींत निम्म्याहून अधिक विजेच्या होत्या. ज्या देशात बहुसंख्यच ‘लबाड’ झाले तिथे त्या शब्दाची धार आपोआप बोथटते.

न्यूयॉर्कमध्ये पाहणाऱ्याचा सूर आणखी वेगळा होता. तिथे विजेच्या सायकली चालवणारे मुख्यतः घरपोच अन्न पोचवणारे स्थलांतरित कामगार होते. पदपथावरच्या लोकांच्या तक्रारी वाढल्या, पोलीस सायकली जप्त करू लागले, पाचशे डॉलरपर्यंत दंड होऊ लागला. २०२० मध्ये कायदा बदलून त्या अधिकृत झाल्या. वेगाने, आवाज न करता मागून येणाऱ्या वाहनाची पादचाऱ्याला वाटणारी भीती आम्ही खोटी मानत नाही. बॅटऱ्यांना आगी लागून तिथे माणसेही दगावली आहेत. तरीही जेवण गरम आणि वेळेवर हवे असणारे शहर ते आणणाऱ्याच्या वेगावर रागावते, तेव्हा त्या रागात केवळ वाहतुकीचा प्रश्न उरत नाही.

आणि आपण? आपल्याकडे सायकल आली ती आयात केलेली, महाग आणि साहेबी. ती वकील-अंमलदारांची होती. पुढे १९५१ मध्ये सोनिपतला अ‍ॅटलस, १९५६ मध्ये लुधियान्याला हीरो असे कारखाने निघाले आणि दोन पिढ्यांत सायकल पोस्टमनची, दूधवाल्याची, गिरणीकामगाराची, कारकुनाची झाली. काही काळ घड्याळ आणि रेडिओ यांच्यासोबत हुंड्याच्या यादीत तिचे नाव असे. मग ते गेले आणि स्कूटरचे आले. भाषेनेही हा प्रवास टिपला आहे. ‘दुचाकी’ म्हणजे एके काळी सायकल. आज वर्तमानपत्रात ‘दुचाकीस्वार’ म्हटले की कोणी सायकलस्वार समजत नाही. शब्दसुद्धा मोटरवाल्याने नेला! मोटरसायकलीला तिच्या आवाजावरून ‘फटफटी’ हे झकास नाव मिळाले. विजेच्या सायकलीला आवाजच नाही, म्हणून की काय, मराठीने अजून तिला नाव दिलेले नाही.

मधल्या काळात आपल्याकडे पायडल आणि मोटर एकत्र असलेले एक वाहन होऊनही गेले. पुण्याच्या कायनेटिक कंपनीची लूना १९७२ मध्ये आली. लूना चालू करताना मारलेले पायडल पाहून मुले हसत, हे आमच्या पिढीला चांगले आठवते. ते हसू डँडी-हॉर्सच्या हसण्याच्या अगदी उलट होते. लंडनकर वरून खाली आलेल्या माणसाला हसले. आपण वर चढू पाहणाऱ्या पण पाय पुरता न सुटलेल्या माणसाला हसलो. आपल्याकडे घाम ही निवड नव्हतीच. तो ज्याच्या वाट्याला आला त्याला त्यातून सुटायचे होते. म्हणून ‘पायडल कशाला?’ हा प्रश्न येतो. सुटका हाताशी असताना हा माणूस पाय का हलवतो आहे, हे पाहणाऱ्याला कळत नाही.

या सुटकेवरही पहारा होताच. देशाच्या अनेक भागांत दलिताने सवर्णांच्या आळीतून सायकलवर बसून जायचे नाही, उतरून ती हाताने ढकलत न्यायची, असा दंडक असे. बेलिकोव्हला परिपत्रक लागत होते. इथे तेही लागले नाही. तमिळनाडूच्या पुदुक्कोट्टई जिल्ह्यात साक्षरता मोहिमेचा भाग म्हणून १९९० च्या दशकाच्या आरंभी हजारो ग्रामीण स्त्रिया सायकल शिकल्या. पी. साईनाथ यांनी त्यांच्यावर लिहिले आहे. रस्त्यावर त्यांना घाणेरडे शेरे ऐकावे लागले, तरी त्या शिकल्या. बायकांच्या सायकली पुरेनात तेव्हा पुरुषांच्या आडव्या दांडीच्या सायकली त्यांनी घेतल्या. त्यांच्या दृष्टीने सायकल ही पायी चालण्यातून आणि बसची वाट पाहण्यातून झालेली सुटका होती.

आपल्या नियमांनुसार पाव किलोवॉटहून कमी शक्तीची आणि ताशी २५ किलोमीटरहून कमी वेगाची विजेची सायकल मोटरवाहन ठरत नाही. तिला परवाना लागत नाही, नंबरपाटीही नाही. कायद्याने ती सायकल आहे. रस्त्याने अजून ठरवलेले नाही. आमच्या एक सहकारी प्राध्यापिका दोन वर्षांपासून अशा सायकलीवरून महाविद्यालयात येतात. अनोळखी माणसे त्यांना किंमत विचारतात. ओळखीची माणसे मात्र आवाज उतरवून दोनच प्रश्न विचारतात : ‘मॅडम, डॉक्टरांनी सांगितलंय का?’ आणि ‘गाडी विकलीत?’