बारा रुपयांचे मास्तर : एका पगाराची एकतीस वर्षांची कहाणी

१/
सांगलीहून तासगावच्या वाटेला लागले की माधवनगर येते. धाकट्या मिरज (बुधगाव) संस्थानचे अधिपती माधवराव पटवर्धन यांच्या नावाने ही पेठ वसली. विसाव्या शतकाच्या आरंभी या परिसरात गावाची शीव ओलांडली की सरकार बदले आणि शाळामास्तरांचा धनीही बदले. #थ्रेड

२/
शेजारी सांगली आणि थोरली मिरज ही संस्थाने, उत्तरेस तासगाव हा इंग्रजी अमलातील सातारा जिल्ह्याचा तालुका, कृष्णा-वारणेपलीकडे कोल्हापूर. राज्ये अनेक, पण प्रश्न सर्वत्र एकच होता : खेड्यातील शाळेसाठी मास्तर आणायचा कोठून आणि त्याला द्यायचे किती?

३/
इंग्रजी मुलखात शेतसाऱ्याच्या दर रुपयामागे एक आणा ‘लोकल फंड’ म्हणून वसूल होई. त्यातील एक तृतीयांश शिक्षणासाठी असे. म्हणजे मास्तरांच्या पगाराला शेतकऱ्याच्या घामाचा पैसा लागे. पण शाळेच्या पटावर त्याचीच मुले विरळ असत.

४/
ही विसंगती जोतीराव फुले यांनी १८८२ मध्ये हंटर आयोगापुढे मांडली. शिक्षकाची परीक्षा उत्तीर्ण झालेल्याला दरमहा किमान १२ रुपये, मोठ्या गावी १५ ते २० रुपये मिळावेत आणि शेतकरी वर्गातूनही शिक्षक तयार व्हावेत, अशी त्यांची मागणी होती.

५/
फुले केवळ पगारावर थांबले नाहीत. गावचे हिशेब तपासणे, दस्त नोंदणे, टपाल सांभाळणे, मुद्रांक विकणे अशी कामे मास्तरांकडे द्यावीत, म्हणजे गावात त्यांचा मान वाढेल, असे त्यांनी सुचविले. टपालाचे काम तर अनेक गावी मास्तरांकडे खरोखरच असे. त्याचा थोडा भत्ताही मिळे.

६/
पण मास्तरांची संख्या वाढविणे सोपे नव्हते. ट्रेनिंग कॉलेजातून बाहेर पडणारे थोडे, शाळा मात्र वाढत्या. मग मराठी शाळेची शेवटची परीक्षा उत्तीर्ण झालेला तरुण प्रशिक्षणाविनाच नेमला जाई. एकच मास्तर, एकच खोली आणि तीत सगळ्या इयत्ता, हे खेड्यांतील नेहमीचे चित्र होते.

७/
१९११ मध्ये गोपाळ कृष्ण गोखले यांनी सक्तीच्या प्राथमिक शिक्षणाचे विधेयक आणले. खर्चाचा दोन तृतीयांश भार सरकारने आणि एक तृतीयांश स्थानिक संस्थांनी उचलावा, अशी त्यांची योजना होती. मार्च १९१२ मध्ये ते १३ विरुद्ध ३८ मतांनी फेटाळले गेले.

८/
विधेयक पडले, तरी प्रश्न टळला नाही. २१ फेब्रुवारी १९१३ रोजी हिंदुस्थान सरकारने शैक्षणिक धोरणाचा ठराव काढला. प्रशिक्षित शिक्षकाला दरमहा किमान १२ रुपये, निवृत्तिवेतन किंवा भविष्य निर्वाह निधी, एका शिक्षकाकडे ५० पेक्षा अधिक मुले नकोत आणि शिक्षक मुलांच्याच वर्गातून यावेत, अशी त्यात अपेक्षा होती.

९/
आकडा पाहा : १८८२ मध्ये फुल्यांनी मागितले १२ रुपये; १९१३ मध्ये सरकारने किमान ठरविले तेही १२ रुपयेच! एकतीस वर्षांत आकडा जागचा हलला नाही. दिवसाला हे सुमारे साडेसहा आणे होतात. शिवाय हा ठराव म्हणजे कायदा नव्हे. पैशाची तजवीज प्रांतांनी करायची होती.

१०/
पुढच्याच वर्षी महायुद्ध पेटले. धान्य, कापड, रॉकेल सारेच महागले. ठरलेल्या पगारावर जगणाऱ्या मास्तरांना महागाईची झळ थेट बसली. जे १२ रुपये १८८२ मध्ये सन्मानाचा पाया ठरले असते, ते आता पोटापुरतेही पुरेनात.

११/
तरीही नदीपलीकडे एक धाडस घडले. २१ सप्टेंबर १९१७ रोजी छत्रपती शाहू महाराजांनी कोल्हापुरात मोफत व सक्तीच्या प्राथमिक शिक्षणाची घोषणा केली. १९१७-१८ मध्ये या योजनेच्या २७ शाळा होत्या. १९२१-२२ पर्यंत त्या ४२० झाल्या. म्हणजे चार वर्षांत निदान ३९३ नवे मास्तर उभे करावे लागले.

१२/
इंग्रजी मुलखात १९१८ च्या कायद्याने नगरपालिकांना सक्तीची मुभा मिळाली. १९२३ च्या कायद्याने शाळांचा कारभार स्थानिक स्कूल बोर्डांकडे गेला. मात्र एकशिक्षकी शाळा टिकून राहिल्या. व्यंकटेश माडगूळकरांच्या ‘बनगरवाडी’तील एकाकी तरुण मास्तर याच परिसरातील औंध संस्थानचा आहे.

१३/
या काटकसरीची किंमत अखेर मुलांनी मोजली. १९२९ च्या हार्टोग समितीला आढळले की, १९२२-२३ मध्ये पहिलीत असलेल्या दर १०० मुलांमागे १९२५-२६ मध्ये चौथीपर्यंत पोहोचली केवळ १८. दारिद्र्य, शेतीची कामे ही कारणे होतीच. पण एकटा, अप्रशिक्षित, तुटपुंज्या पगाराचा मास्तर हेही त्यांतलेच एक.

१४/
शाळा काढणे म्हणजे केवळ इमारत बांधणे किंवा कायदा करणे नव्हे. कोणीतरी दर महिन्याला मास्तरांचा पगार द्यावा लागतो. फुल्यांना हे १८८२ मध्ये उमगले होते. ते उमजायला सरकारला एकतीस वर्षे लागली, आणि तोवर त्या बारा रुपयांचे मोल उरले नव्हते. #इतिहास