न्यायमूर्ती उठले, पाहुणे उतरले

‘बुटिक हॉटेल’ हे शब्द वर्तमानपत्रात वाचून आमच्या मामांनी चष्मा कपाळावर चढवला आणि विचारलं, “म्हणजे तिथे राहणाऱ्याला ब्लाउजपीस फुकट देतात की काय?” मामा गिरगावातले. उभी हयात कोर्टात शिरस्तेदारी करण्यात गेली, त्यामुळे कुठलाही नवा शब्द त्यांना आधी आरोपी वाटतो. मी त्यांना समजावलं की, एखादी जुनी, दगडी, उंच छताची कचेरी घ्यायची, तिच्यातली कपाटं आणि कारकून बाहेर काढायचे, खोल्यांत पलंग टाकायचे, भिंतीचा थोडासा पोपडा मुद्दाम तसाच ठेवायचा आणि त्या पोपड्याचे वेगळे पैसे घ्यायचे, याला बुटिक हॉटेल म्हणतात. मामा म्हणाले, “मग आमच्या चाळीत पोपडे काय कमी आहेत?”

कचेरीचं हॉटेल करायचं हे खूळ सगळ्या जगाला लागलेलं आहे. सिंगापूरला 1928 साली बांधलेल्या फुलर्टन इमारतीत मोठं पोस्ट होतं, तिथे 2001 सालापासून हॉटेल आहे. वॉशिंग्टनच्या जुन्या पोस्टाचंही तेच झालं. टपालखात्याच्या इमारतींना हा योग फार, बहुधा स्वागतकक्षाची खिडकी तयारच मिळते म्हणून! लंडनला तर कहर झाला. 1906 साली पुरी झालेली तिथली जुनी ‘वॉर ऑफिस’ची इमारत, जिच्यात चर्चिलसाहेब युद्धमंत्री म्हणून बसत, ती हिंदुजांनी घेतली आणि 2023 साली तिथे पंचतारांकित हॉटेल उघडलं. हिंदुजांचा धंदा शिकारपूर आणि मुंबईत वाढलेला. ज्या कचेरीतून पहिल्या महायुद्धात आपल्या शिपायांना कुठे मरायचं ते कळवलं जाई, तिथे आता मुंबईशी नातं असलेला माणूस इंग्रजाला खोलीचं भाडं सांगतो. स्वराज्य मिळालं म्हणजे नेमकं काय झालं, असा प्रश्न नातवाने विचारला तर मी हेच उदाहरण देतो.

पण गंमत अशी की, हा उद्योग मुंबईला नवा नाही. साहेबाने ‘हेरिटेज’ हा शब्द आपल्याला शिकवायच्या कितीतरी आधी मुंबईने एका सरकारी इमारतीचं हॉटेल करून दाखवलं होतं. आणि सरकारी इमारत म्हणजे साधं पोस्ट नव्हे, तर हायकोर्ट!

फोर्टात लायन गेटच्या समोर, शहीद भगतसिंग मार्गावर ‘ग्रेट वेस्टर्न’ नावाची एक जुनाट इमारत आहे. बसमधून जाताना दिसते, पण कोणी मान वळवत नाही. मूळची ही एका गव्हर्नराची, हॉर्नबीसाहेबाची हवेली. पुढे नौदलाच्या दिमतीला गेली म्हणून ‘अ‍ॅडमिरल्टी हाउस’ झाली. 1800 साली तिथे रेकॉर्डर्स कोर्ट आलं. 1824 मध्ये त्याचं सुप्रीम कोर्ट झालं. (दिल्लीचं नव्हे, मुंबईलाही स्वतःचं सुप्रीम कोर्ट होतं, हे दिल्लीकरांना अधूनमधून सांगत जावं.) आणि 14 ऑगस्ट 1862 रोजी मुंबई हायकोर्टाचा जन्म झाला तो याच छपराखाली. म्हणजे पाऊणशे वर्षांहून जास्त काळ या घराने ‘हाजिर है?’ ची आरोळी ऐकली.

त्या घराने ऐकलेला सर्वांत गाजलेला खटला म्हणजे 1862 चा महाराज लायबल केस. करसनदास मुळजी या गुजराती पत्रकाराने ‘सत्यप्रकाश’ पत्रात वल्लभ संप्रदायाच्या महाराजांच्या वर्तनावर लिहिलं. जदुनाथजी महाराजांनी पन्नास हजारांची अब्रुनुकसानी मागितली. 1862 सालचे पन्नास हजार हं! आमचे डॉक्टर भाऊ दाजी लाड साक्षीला उभे राहिले आणि वैद्य या नात्याने त्यांना जे ठाऊक होतं ते त्यांनी सांगितलं. एवढ्या मोठ्या धर्मगुरूबद्दल भर कोर्टात असलं सांगायचं, तेही मुंबईत प्रॅक्टिस करून पोट भरणाऱ्या डॉक्टराने, याला छाती लागते. एप्रिलमध्ये निकाल लागला आणि करसनदास मुख्य मुद्द्यावर सुटले. न्यायमूर्ती आर्नल्ड यांच्या निकालपत्रातलं सार एवढंच की, जे नीतीच्या दृष्टीने वाईट ते धर्माच्या दृष्टीने बरोबर असू शकत नाही. भायखळ्याच्या राणीच्या बागेतल्या संग्रहालयाला 1975 साली भाऊ दाजींचं नाव दिलं, ते रास्तच झालं. पण जिथे त्यांनी खरी हिंमत दाखवली, ती जागा कुठली म्हणून दहा मुंबईकरांना विचारा. नऊजण घड्याळ बघतील आणि दहावा लोकल पकडेल.

1878 अखेर कर्नल फुलरसाहेबाने बांधलेली हायकोर्टाची आजची टोकदार गॉथिक इमारत तयार झाली. न्यायमूर्ती विंगमधून बाहेर पडावेत तसे जुन्या घरातून उठून गेले. मग त्या घरात काय आलं? ग्रेट वेस्टर्न हॉटेल! जिथे पट्टेवाला ‘चूप!’ म्हणून ओरडायचा, तिथे बटलर ‘सूप’ म्हणून विचारू लागला. जिथे आरोपीला विचारत, “गुन्हा कबूल?” तिथे साहेबाला विचारू लागले, “बिल कबूल?” दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर देणं जास्त कठीण, हे कुठल्याही हॉटेलात उतरलेला माणूस सांगेल. पुढे तेही हॉटेल गेलं. तिथे कचेऱ्या आणि दुकानं आली. नाव मात्र हॉटेलाचंच राहिलं. न्यायाचं नाव कोणी ठेवलं नाही.

आता याच्या उलट प्रयोग बघा. काळा घोड्याजवळ जॉन वॉटसन नावाच्या कापडवाल्याने एक हॉटेल बांधलं. नुसतं बांधलं म्हणणं बरोबर नाही. बिडाचे खांब, तुळया असं सगळं इंग्लंडात ओतून, जहाजावर चढवून आणलं आणि इथे मेकॅनोसारखं जोडलं. 1871 मध्ये वॉटसन्स हॉटेल सुरू झालं. वाढायला मुलीसुद्धा इंग्लंडातून आणल्या होत्या. त्यावर त्या काळी थट्टा चाले की, वॉटसनने येताना तिकडची हवाही आणायला हवी होती. आपल्या माणसाला तिथे पाहुणा म्हणून प्रवेश नव्हता. जमशेटजी टाटांना दारातून परतवलं म्हणून त्यांनी ताजमहाल बांधलं, अशी गोष्ट सगळे सांगतात. तिला पुरावा नाही. पण ताज 1903 साली उघडलं हे खरं, आणि वॉटसनचा भाव उतरला हेही खरं. 7 जुलै 1896 रोजी लुमिएर बंधूंची हलती चित्रं हिंदुस्थानात पहिल्यांदा दाखवली गेली ती इथेच. त्याच वर्षी मार्क ट्वेन इथे उतरला होता. ताजमहालाबद्दल वगैरे सगळेच लिहितात. या पठ्ठ्याने मुंबईच्या कावळ्यांवर लिहिलं. खरा मुंबईकर त्याला म्हणावं!

आणि मग काय झालं? 1960 च्या सुमारास हॉटेल आटोपलं, खोल्यांचे तुकडे पडले आणि इमारतीत शिरले कोण? वकील! समोर सेशन्स कोर्ट, तेव्हा अशील जिन्यातच सापडे. म्हणजे मुंबईचा हिशेब बघा. कोर्टाचं हॉटेल झालं आणि हॉटेलाचं वकिलांचं बिऱ्हाड झालं. दोन्ही ठिकाणी शेवटी पैसे मोजणारा माणूस तोच.

कचेरीचं हॉटेल झालं की इमारत वाचते, हे मी मान्य करतो. डागडुजीला पैसा लागतो आणि तो कारकुनांच्या पगारातून येत नाही. वॉटसनची ही इमारत, आता एस्प्लनेड मॅन्शन, कोणी वेळेवर हातात घेतली असती तर तिचे हाल झाले नसते. 2005 मध्ये तिच्या दर्शनी भागाचा तुकडा कोसळून एकाचा जीव गेला. 2019 मध्ये हायकोर्टाने ती रिकामी करायला लावली आणि आय.आय.टी.च्या तज्ज्ञांनी तर पाडावी असाच अहवाल दिला. पण दुसरी बाजू मला सतावते. कोर्टात गरिबातला गरीब माणूस शिरू शकत होता, निदान आरोपी म्हणून तरी! महाराजांच्या खटल्याला लोटलेली गर्दी तिकीट काढून आली नव्हती. हॉटेलाच्या दाराशी मात्र मिशीवाला दरवान आधी तुमच्या चपला बघतो. लोअर परळच्या फिनिक्स मिलच्या जागी मॉल आला, भलं मोठं हॉटेल आलं. मी तिथे हिंडलोय. 1982 च्या संपाआधी या मातीवर साचे चालवणाऱ्या माणसाला तिथे आता कॉफीही परवडणार नाही. चिमणी तेवढी ठेवली आहे, फोटोसाठी.

क्रॉफर्ड मार्केटाजवळचं सरदारगृह मला म्हणून जवळचं वाटतं. तिथे 1 ऑगस्ट 1920 रोजी लोकमान्य गेले, हे आपण शाळेत शिकलो, पण ते एक लॉज होतं हे विसरतो. लोकमान्य तिथे उतरत, लोकांना भेटत आणि कोणालाही जिना चढून वर जाता येई. मामा याला म्हणतात “खरं बुटिक”. ब्लाउजपीसचा मुद्दा त्यांनी अजून सोडलेला नाही.

परवा कामासाठी काळा घोड्यावरून गेलो. एस्प्लनेड मॅन्शनच्या बिडाच्या कठड्यांवर कावळे बसले होते, ओळीने. ट्वेनसाहेबाच्या खोलीसमोर बसले असतील त्यांच्याच वंशातले. वॉटसनने त्यांना प्रवेश नाकारला नव्हता आणि हायकोर्टाची नोटीसही त्यांना लागू झालेली दिसत नाही.