वर्नची तोफ आणि वर्नची दुर्बीण

शाळेच्या गच्चीवर किंवा मैदानावर आकाशदर्शनाचा कार्यक्रम ठेवला, दुर्बीण चंद्राकडे वळवली आणि मुलांची रांग लावली, की दहा-बारा मुलांमागे एक तरी विचारतोच : "सर, तो झेंडा कुठे आहे?" आर्मस्ट्राँग आणि ऑल्ड्रिन यांनी १९६९ साली रोवलेला झेंडा त्याला पाहायचा असतो. दिसत नाही म्हटल्यावर त्याचा चेहरा पडतो. मग तो म्हणतो, "मोठ्या दुर्बिणीतून दिसेल?" आम्ही "नाही" म्हणालो, तर त्याला ते पटत नाही. दुर्बीण मोठी केली की वस्तू मोठी दिसते, मग झेंडा का दिसू नये?

या मुलाच्या बाजूला एक बडा वकील आहे. फ्रेंच कादंबरीकार ज्यूल्स वर्न. १८६५ साली त्याची चंद्रप्रवासाची कादंबरी प्रसिद्ध झाली. तिच्यातली तोफ सर्वांना ठाऊक असते. दुर्बिणीची आठवण मात्र फार थोड्यांना असते. अमेरिकेतल्या फ्लॉरिडात जमिनीत खणलेल्या प्रचंड तोफेतून तीन माणसांना चंद्राकडे उडवायचे, आणि ते पोहोचले की नाही हे पाहण्यासाठी रॉकी पर्वतातल्या लाँग्ज पीक या शिखरावर एक राक्षसी दुर्बीण उभारायची, अशी ती योजना. विज्ञानकथेत प्रवासी आणि आकाशनिरीक्षक यांची अशी जोडी फार क्वचित जमलेली आहे. मराठी वाचकालाही ही कथा जुनीच ओळखीची आहे. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला 'केरळ कोकिळ' मासिकात तिचे मराठी रूपांतर क्रमशः छापले जात होते, आणि पुढे भा. रा. भागवतांनी वर्नला मुलांच्या हाती दिले.

वर्न आकडे हवेतून काढत नसे. त्याचा चुलतभाऊ आँरी गार्से हा पॅरिसमध्ये गणिताचा अध्यापक होता आणि गणिताच्या कामी वर्न त्याची मदत घेई. म्हणूनच त्याचे आकडे तपासून पाहण्यात मजा आहे. नववी-दहावीच्या गणिताने ते तपासता येतात.

आधी तोफ घेऊ. गोळ्याचा आरंभीचा वेग वर्नने सेकंदाला १२,००० यार्ड, म्हणजे सुमारे ११ कि.मी. धरला आहे. पृथ्वीचा मुक्तिवेग सेकंदाला ११.२ कि.मी. आहे. चंद्रापर्यंत जाण्यास त्याहून किंचित कमी वेग पुरतो. तेव्हा हा आकडा उत्तम आहे. पृथ्वी आणि चंद्र यांची ओढ जिथे समसमान होते तो बिंदू वर्न एकूण अंतराच्या ४७/५२ वर ठेवतो. चंद्राचे वस्तुमान पृथ्वीच्या सुमारे १/८१ आहे असे धरून न्यूटनच्या नियमाने हिशेब केला, तर उत्तर नऊ-दशांश येते. म्हणजे हेही बरोबर. मग चुकले कुठे?

चूक नळीच्या लांबीत आहे. तोफ ९०० फूट, म्हणजे २७४ मीटर लांब. स्थिर अवस्थेतला गोळा एवढ्या अंतरात सेकंदाला ११,००० मीटर वेग घेणार. त्वरण एकसारखे आहे असे मानून v² = 2as या आपल्या नेहमीच्या सूत्रात किमती घाला. त्वरण येते सुमारे २ लाख २० हजार मीटर प्रतिसेकंद प्रतिसेकंद, म्हणजे गुरुत्वीय त्वरणाच्या साडेबावीस हजार पट! ५० किलो वजनाच्या माणसाला त्या क्षणी आपले वजन अकराशे टनांहून अधिक वाटेल. वाटेल म्हणायचे, इतकेच. हा सगळा प्रकार सेकंदाच्या विसाव्या भागात आटोपतो, त्यामुळे बिचाऱ्याला काही वाटायला सवडच नाही. धक्का शोषण्यासाठी वर्नने गोळ्याच्या तळाशी पाण्याचा थर ठेवला आहे, पण त्याने काही भागणारे नाही.

आता प्रश्न उलटा करून पाहा. माणसाला सोसवेल असे तिप्पट गुरुत्वाचे त्वरण ठेवायचे, तर नळी किती लांब हवी? तेच सूत्र सांगते, सुमारे २,००० कि.मी. मुंबईहून नागपूरमार्गे कोलकात्याला रेल्वेने जावे, साधारण तेवढी. हे उदाहरण वर्गात फळ्यावर सोडवावे. सूत्राला एकदम जीव येतो, असा आमचा अनुभव आहे.

वर्नची ही अडचण ज्याने नेमकी ओळखली तो एक शाळामास्तर होता. कॉन्स्तान्तिन त्सिओल्कोव्स्की याचा जन्म १७ सप्टेंबर १८५७ रोजी रशियातल्या एका खेड्यात झाला. दहाव्या वर्षाच्या सुमारास त्याला लोहितज्वर झाला आणि ऐकू येणे जवळजवळ बंद झाले. त्यामुळे शाळा सुटली. सोळाव्या वर्षी वडिलांनी त्याला मॉस्कोला पाठवले. तिथे तीन वर्षे त्याने सार्वजनिक ग्रंथालयात बसून गणित, भौतिकी, खगोलशास्त्र असे मिळेल ते वाचले. घरून येणारे थोडके पैसे पुस्तकांवर आणि प्रयोगांच्या साहित्यावर जात आणि पोट काळ्या पावावर भरे. १८७९ साली तो शिक्षकाची परीक्षा बाहेरून बसून उत्तीर्ण झाला. आधी बोरोव्स्क आणि १८९२ पासून मॉस्कोच्या नैर्ऋत्येला असलेले कालुगा, अशा दोन छोट्या गावांत मिळून त्याने सुमारे चाळीस वर्षे मुलांना गणित आणि भौतिकी शिकवले. पत्र्याचा कर्णा त्याने स्वतःच बनवला होता. तो कानाला लावून तो समोरच्याचे बोलणे ऐके.

अंतराळप्रवासाचे बीज आपल्या मनात वर्नने पेरले, असे त्सिओल्कोव्स्कीने पुढे स्वतःच लिहून ठेवले. पण तो वर्नचा नुसता चाहता राहिला नाही. १९०३ साली 'नाउच्नोये ओबोझ्रेनिये' या मासिकात त्याचा निबंध आला. त्यात त्याने तोफेचा विचार करून ती बाजूला सारली आणि तिच्या जागी अग्निबाण ठेवला. अग्निबाणाला नळी लागत नाही. तो आपले इंधन बरोबर घेऊन चढतो आणि मिनिटामिनिटाने वेग वाढवतो. दोन हजार कि.मी.ची नळी नको, तेवढी मोकळी वाट पुरे. आणि ती वर आहेच.

पण याची किंमत मोजावी लागते. ती किती, हे सांगणारे सूत्र म्हणजे त्सिओल्कोव्स्कीचे खरे काम. बाहेर फेकल्या जाणाऱ्या वायूचा वेग जितका, तितकाच वेग अग्निबाणाला हवा असेल, तर निघतानाचे वस्तुमान शेवटी उरणाऱ्या वस्तुमानाच्या २.७ पट हवे. दुप्पट वेग हवा असेल तर ७.४ पट, तिप्पट हवा असेल तर २० पट. वेग बेरजेने वाढतो आणि वस्तुमान गुणाकाराने. चक्रवाढ व्याज शिकलेल्या मुलांना हे चटकन समजते. म्हणूनच अपोलोचा सॅटर्न-५ निघताना सुमारे २,९०० टनांचा होता आणि तीन माणसांना घेऊन समुद्रात परत उतरले ते यान साडेपाच टनांच्या आसपास. बाकीचे सारे वाटेत जळले, टाकून दिले किंवा चंद्रावर राहिले. वायूचा वेग वाढवावा म्हणून त्सिओल्कोव्स्कीने द्रवरूप हायड्रोजन आणि ऑक्सिजन सुचवले होते. सॅटर्नच्या वरच्या दोन टप्प्यांत तेच वापरले गेले.

१९०३ साली याची दखल कोणी घेतली नाही. ते मासिकही लवकरच बंद पडले. १९०८ साली ओका नदीला पूर आला आणि त्याच्या घरातले बरेच कागदपत्र भिजून गेले. तरी तो लिहीत राहिला.

वर्नच्या बाजूने एक गोष्ट मात्र सांगायला हवी. चंद्राजवळ पोहोचल्यावर गोळ्याला धक्के देण्यासाठी त्याने आपल्या प्रवाशांबरोबर अग्निबाण दिले होते. म्हणजे निर्वात पोकळीत अग्निबाण चालतो हे त्याला मान्य होते. १९२० साली एका नामांकित अमेरिकन दैनिकाने याच मुद्द्यावरून रॉबर्ट गॉडर्ड या संशोधकाची अग्रलेखात टर उडवली. त्या दैनिकाने आपली चूक कबूल केली ती जुलै १९६९ मध्ये, अपोलो-११ चंद्राच्या वाटेवर असताना.

आता त्या मुलाच्या झेंड्याकडे, म्हणजे वर्नच्या दुर्बिणीकडे येऊ. तिचा आरसा १६ फूट व्यासाचा, नळी २८० फुटांची आणि वर्धन ४८,०००. वर्नच्या काळी जगातली सर्वांत मोठी दुर्बीण आयर्लंडमध्ये लॉर्ड रॉसची होती, आरसा ६ फुटांचा. वर्नचा हिशेब असा : ४८,००० पट वर्धनाने चंद्र ५ मैलांवर आल्यासारखा दिसेल, आणि गोळ्याचा व्यास ९ फूट असल्याने तो तेवढ्या अंतरावरून जेमतेम दिसेल. आपल्या डोळ्याला सुमारे १ कलेचा कोन ओळखता येतो. ५ मैलांवरची ९ फुटी वस्तू साधारण तेवढाच कोन करते. अंकगणित इथेही बिनचूक आहे.

बिनसते ते प्रकाशाच्या स्वभावामुळे. प्रकाश लाटांनी बनलेला असल्यामुळे आरशातून मिळणारी बिंदूची प्रतिमा बिंदू नसते, ती बारीकशी चकती असते. आरसा लहान तितकी चकती मोठी. १६ फुटी आरशाच्या बाबतीत ही चकती चंद्रावरच्या सुमारे ५० मीटर अंतराएवढी होते. त्याहून जवळचे दोन बिंदू एकमेकांत मिसळून जातात. वर्धन वाढवले तर ही अस्पष्टताच मोठी दिसते, जसे वर्तमानपत्रातल्या चित्रावर भिंग धरले की ठिपके मोठे होतात, चेहरा काही अधिक स्पष्ट होत नाही. एअरीने हे गणित १८३५ सालीच मांडले होते. गार्सेसाहेबांनी ते आपल्या भावाला सांगायला हवे होते! ९ फुटी गोळ्याचा आकार ओळखायचा, तर आरसा सुमारे ९५ मीटरचा हवा.

आणि हे सारे हवा नसेल तर. आपल्या डोक्यावरची हवा सतत हलत असते. बऱ्या रात्रीही प्रतिमा सुमारे १ विकलेने पसरते. चंद्रावर याचा अर्थ होतो जवळजवळ १.९ कि.मी. याचा एक परिणाम हौशी निरीक्षकाला सुखावणारा आहे. ६ इंची दुर्बिणीची लाटांमुळे येणारी मर्यादाही साधारण तेवढीच, पावणेदोन कि.मी. आहे. म्हणजे साध्या रात्री शाळेच्या ६ इंची दुर्बिणीतून चंद्रावरचा जो तपशील दिसतो, त्याहून फारसा अधिक तपशील प्रचंड दुर्बिणीला डोळा लावूनही दिसणार नाही. वर्नच्या आरशाहून किंचित मोठा, २०० इंची आरसा १९४८ साली अमेरिकेत पालोमार पर्वतावर बसला. त्यातूनही अपोलोचे अवशेष दिसत नाहीत. ते दिसले ते २००९ पासून, चंद्राभोवती फिरणाऱ्या एलआरओ यानाच्या कॅमेऱ्याने जवळून छायाचित्रे घेतली तेव्हा. दीड मीटर रुंदीच्या झेंड्याचे उत्तर हे असे आहे.

पण वस्तूचा आकार ओळखणे वेगळे आणि वस्तू आहे एवढे कळणे वेगळे. तारे आपल्याला दिसतात, त्यांचा आकार कुठे दिसतो? काळ्या आकाशावर उन्हाने उजळलेली वस्तू ठिपका म्हणून दिसू शकते. ४ ऑक्टोबर १९५७ रोजी, म्हणजे त्सिओल्कोव्स्कीची जन्मशताब्दी होऊन सतराव्या दिवशी, स्पुटनिक-१ कक्षेत गेला तेव्हा हाच फरक कामी आला.

अमेरिकेतल्या स्मिथसोनियन खगोलभौतिकी वेधशाळेचे संचालक फ्रेड व्हिपल यांनी १९५६ सालीच 'मूनवॉच' ही योजना आखली होती. शिक्षक, विद्यार्थी, गृहिणी, दुकानदार अशा हौशी मंडळींची पथके जगभर तयार केली जात होती. त्यांच्याकडे सुमारे ५ सें.मी. भिंगाच्या, जेमतेम साडेपाच पट वर्धनाच्या दुर्बिणी असत. आकाशाचा १२ अंशांचा पट्टा त्यांतून एकदम दिसे. दुर्बिणी ओळीने अशा लावायच्या की प्रत्येकीने मध्यमंडलाचा एकेक तुकडा सांभाळावा. उपग्रह ते कुंपण ओलांडेल तो क्षण नोंदवायचा. हे सारे पहाटे आणि तिन्हीसांजेला, कारण तेव्हा जमिनीवर अंधार असतो आणि उपग्रह मात्र उन्हात असतो. स्पुटनिक ५८ सें.मी. व्यासाचा, अंधुक. लोकांनी नुसत्या डोळ्यांनी जो पाहिला, तो बहुधा त्याच्यामागून फिरणारा अग्निबाणाचा मोठा टप्पा होता.

मोठे कॅमेरे कुठे रोखायचे हे या नोंदींवरून ठरू लागले. त्यांतला एक कॅमेरा पुढे आपल्याकडे नैनितालला बसला. उपग्रहांची कक्षा दिवसेंदिवस कशी आकसते हे पाहून वरच्या वातावरणाची घनता काढता आली. ५ सप्टेंबर १९६२ च्या पहाटे स्पुटनिक-४ वातावरणात शिरून जळाला, तेव्हा मिलवॉकीच्या पथकाने तो पाहिला. त्याचा सुमारे ९ किलोचा तुकडा जवळच्या मॅनिटोवॉक गावात भर रस्त्यात सापडला. मूनवॉच १९७५ पर्यंत चालले.

कालुगाच्या मास्तरांचा एक जातभाई इंग्लंडात निघाला. केटरिंग गावच्या शाळेत जेफ्री पेरी भौतिकी शिकवत. आवाजाच्या पट्टीतला बदल, म्हणजे डॉप्लर परिणाम, मुलांना खरा करून दाखवावा म्हणून ते रेडिओवर रशियन उपग्रहांचे संदेश पकडू लागले. रसायन शिकवणारे डेरेक स्लेटर त्यांच्या जोडीला होते. हळूहळू मुले उपग्रहांच्या फेऱ्यांच्या वेळा वहीत मांडू लागली. मार्च १९६६ मध्ये कॉसमॉस-११२ उडाला. त्याच्या कक्षेचा विषुववृत्ताशी कोन ७२ अंश निघाला. बैकानूरहून सुटणाऱ्या उपग्रहांचे नेहमीचे कोन वेगळे होते. त्याच वर्षी ऑक्टोबरात कॉसमॉस-१२९ सुटल्यावर दोन्ही कक्षांच्या जमिनीवरच्या रेषा मागे मागे नेल्या. त्या रशियाच्या उत्तरेला, प्लेसेत्स्कजवळ एकमेकींना छेदत होत्या. तिथे प्रक्षेपणस्थळ असल्याचे सोव्हिएत सरकारने जाहीर केले ते १९८३ साली.